लालपत्तीले अंधार लागते

पळसतांडा, ता. आर्णी
११ फेब्रुवारी २०२४

फुलचंद,

जय सेवालाल. तुझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाही. संगीता उचलते आन "ते बाहेर गेले" म्हणते, तवा मागून तुझ्या खोकल्याचा आवाज येते. म्हणून हा कागद. आपली गोरबोली मले कागदावर मांडता येत नाही. शाळेतल्या मराठीत लिहीन म्हटलं तर वऱ्हाडीच उतरून राह्यली. समजून घे.

पहिली बातमी मानीबाईची. ती आता चालते. डाव्या पायाचा अंगठा बधीर आहे, चप्पल निसटली तरी तिले समजत नाही. बाकी ठीक आहे. परवा तिनं तांड्याच्या नायकाले, म्हणजे तिच्याच नवऱ्याले, सगळ्यांसमोर झापलं, त्यावरून समज की तब्येत सुधारली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगतलं, आता मशीनवर रक्त साफ करायची गरज नाही. घोणस चावून एवढं निभावलं, देवीची कृपा. तुले हे कोणी कळवलं नसंन.

चौकातला दिवा आता तुझ्या जागी पंचायतीतला देवीलाल लावते. कधी सहाले लावते, कधी सातले. त्याले कोणी काही म्हणत नाही.

मी लालपत्ती छाटली. वीतभर खुंट ठेवले. छाटलं की पांढरं दूध गळते, तुले माहीत आहे, लहानपणी तुझ्या डोळ्यात एकदा शेराच्या झाडाचं दूध गेलतं तसंच. हात राखेनं घासून धुतले तरी दोन दिवस चिकट राह्यले. गेल्या साली अर्धी पानं लाल आन अर्धी हिरवीच राह्यली. यवतमाळच्या नर्सरीवाल्या भगवानरावांनी गाडी परत पाठवली. म्हणाले, "रुखमाबाई, हे चितकबरं कोण घेईन?" त्यांचंही बरोबर होतं.

बैठकीत मी तुझ्या बाजूनं बोलली नाही म्हणून तू रागावला आहे, असं संगीता म्हणाली. मी तिले म्हटलं, एवढ्या माणसांत बाईनं काय बोलावं?

तुझ्यावर जे झालं ते बरोबर झालं नाही. आज एवढंच लिहिते.

तुझी बाई,
रुखमा


९ जुलै २०२४

फुलचंद,

तुझं पोस्टकार्ड भेटलं. पाच महिन्यांनी दोन ओळी. "बाई, मी रोज साडेपाचले बटन दाबत होतो. देवीची शपथ. तू तरी मान."

मी मानते. ते कार्ड मी तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. रोज तांदूळ काढताना हाताले लागते.

पाऊस बरा आहे. तूर डोळे उघडून राह्यली. मी लालपत्तीच्या कांड्या लावल्या. बोटाएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या. पहिले पाण्यात बुडवून दूध थांबवायचं, मंग सावलीत एक दिवस सुकू द्यायच्या, मंग माती-रेती-पालापाचोळ्यात लावायच्या. दोनशे चाळीस लावल्या, तीसेक सडल्या. भगवानराव म्हणाले, एक डाव अजून पाहू तुमच्यावर भरवसा ठेवून. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं मजुरी केली, त्यांनीच हे झाड शिकवलं. "हे साधं झाड नाही," म्हणत. "याचं फूल लाल नसते, फूल तर मोहरीएवढं. पानंच लाल होतात. आन त्याले अंधार लागते. ऑक्टोबरपासून रोज चौदा तास. मधात कोणी उजेड पाडला की रुसून बसते, हिरवंच राहते."

तुले आठवते, पोळ्याच्या आधी चौकात तो खांब आला? माझ्या दारासमोर. माझी सगळी झाडं त्या उजेडात. मी पंचायतीत गेलती सांगायले, की खांब वीस पावलं सरकवा. देवीलाल म्हणाला, "झाडाले झोप लागत नाही म्हणते बाई!" आन सारे हसले. तूही हसला, फुलचंद. दात दाखवून. मी घरी आली आन भाकरी थापता थापता रडली. नवरा गेल्यावर तू मले बंडीत सामान टाकून माहेरी आणलं, तवापासून ह्या तांड्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, ती झाडं.

हे आता सांगते कारण तवा सांगतलं नाही.

तू बटन दाबत होता तरी दिवा राहत नव्हता, याचा अर्थ कोणीतरी बंद करत असंन. पोट्टे करत असतीन. खांबावरच्या डब्याले कुलूप कुठं होतं? मी नायकाले असं सुचवून पाहीन.

संगीताले आशीर्वाद.

तुझी बाई


२६ ऑगस्ट २०२४

फुलचंद,

आज सकाळी संगीताचा फोन आला. तूच लावायले सांगतलं काय, माहीत नाही. म्हणाली, उमरखेडजवळच्या एका गावात तुले पाण्याच्या मोटरीवर ठेवणार होते. सारं ठरलं होतं. मंग त्यांनी आपल्या तांड्यात फोन लावून चौकशी केली, आन इथून कोणीतरी सांगतलं की याच्या हलगर्जीपणानं एक बाई मरता मरता वाचली. त्यांनी दुसरा माणूस घेतला. तू सासऱ्याच्या वावरात रखवाली करते, जेवायले बोलावलं तरी लवकर घरात येत नाही, असं ती म्हणाली. मंग रडली. संगीता कधी रडत नाही.

आता लिहिते. मधात थांबली तर पुन्हा लिहिणार नाही.

पोट्टे नव्हते. मी होती.

त्या दिवसांत तू साडेपाचले बटन दाबून घरी जाय. मी दार लोटून वाट पाहो. बायका नळावरून गेल्या, ढोरं बांधून झाली की मी झाडू घेऊन चौक झाडायले निघो. खांबाजवळ आली की डबा उघडायचा, बटन खाली. एक क्षण लागे. मंग तशीच झाडत झाडत घरी. पहाटे उजाडायच्या आत पुन्हा वर, म्हणजे तू बंद करायले आला की तुले चालूच दिसे. म्हणून तुले कधी समजलं नाही. लोक म्हणायचे दिवा बंद होता, तू म्हणायचा मी आत्ता चालू पाह्यला. दोघंही खरं बोलत होते.

मले वाटलं, कोणाचं काय बिघडते? मागच्या साली दिवा कुठं होता? सारे अंधारातच चालत होतो. आन झाडं, फुलचंद! शेंड्याच्या पानांच्या शिरा गुलाबी व्हायले लागल्या होत्या. मी पान पालथं करून पाहो आन मनात म्हणो, हसा आता.

तीन नोव्हेंबरले मानीबाई पापडाचं पीठ घेऊन माझ्याकडेच येऊन राह्यली होती. माझ्याकडेच. चौकात नायकाच्या सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, पडलं होतं, त्याच्या कडेले घोणस बसली होती. दिवा असता तर दिसली असती. मी तिचा आवाज ऐकला, "रुखमा, काही तरी चावलं वं!" मी धावली. पहिले खांबाकडे धावली. हे कोणाले माहीत नाही. पहिले बटन वर केलं, मंग तिच्याकडे गेली. उजेडात साप कुटारात शिरताना दिसला. तू आला तवा दिवा चालू होता, म्हणून तू ओरडला, "दिवा तर चालू आहे!" आन नायकानं तुझी गचांडी धरली. म्हणाला, आता लावते अन् वरून खोटं बोलते.

मी तिथंच होती. मानीबाईचा पाय मांडीवर घेऊन.

अकरा दिवस मी दवाखान्यात तिच्या उशाशी राह्यली. लघवी बंद झाली, तोंड सुजलं, तिनं मले ओळखलं नाही असे दोन दिवस गेले. मी देवीले म्हटलं, हिले वाचव, मी सारं सांगते. देवीनं वाचवलं. मी सांगतलं नाही. परत आल्यावर बैठक बसली, तुले काढलं, आन मी पदर तोंडावर घेऊन मागं बसली होती. बाईनं काय बोलावं म्हणून नाही. तोंड उघडलं असतं तर माझंच नाव निघालं असतं.

तू बंडीत सामान भरलं तवा मी दाराआड होती. जिनं तुझं घर उठवलं तिच्याच दारावरून बंडी गेली.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. पहिले मानीबाईले सांगते, मंग तुले पुढचं लिहिते. हे पत्र आजच पोस्टात टाकते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

रुखमा


२९ सप्टेंबर २०२४

फुलचंद,

सांगतलं.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाह्यली नाही असं नाही, पण उत्तर यावं म्हणून हे केलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

झाडांचे शेंडे खुडून झाले होते. शेंडा खुडला की बाजूनं चार फांद्या फुटतात, झाड गोल होते. बोटं चिकट होती, तशीच उठली आन मानीबाईकडे गेली. म्हटलं धुवायले थांबली तर थांबूनच जाईन. ती अंगणात उडीद पाखडत होती. मी उभ्या उभ्या सांगतलं. खांब, झाडू, बटन, सारं.

तिनं सूप खाली ठेवलं. लय वेळ बधीर अंगठा दाबत बसली. मंग म्हणाली, "अकरा दिवस तू माह्या उशाशी होती. मी साऱ्यांले सांगत फिरली, सख्खी बहीण एवढं करत नाही. आन तू भेवानं बसली होती?"

मी म्हटलं, "भेवानं बी बसली होती, बाई. अन् तुह्यासाठी बी. दोन्ही."

"दोन्ही कसं असते वं?"

"मले नाही माहीत. पण होतं."

तिनं उडदाचं सूप माझ्या अंगावर फेकलं. भरलेलं. म्हणाली, "जाय. तोंड दाखवू नको." मी दाणे वेचायले खाली बसली तर ओरडली, "वेचू बी नको!" मी घरी आली. केसांतून उडीद पडत होते.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ती स्वतः आली, चप्पल हातात घेऊन. आत आली नाही. दारातूनच म्हणाली, "माह्या नवऱ्याले मी अजून सांगतलं नाही. तू सांगशीन. अन् घरात नाही. जिथं फुलचंदले उभं केलं होतं, तिथंच, साऱ्या माणसांसमोर. तेवढं केलं तर पुढचं पाहू."

मी हाव म्हटलं.

काल बैठक झाली. सेवालाल महाराजांच्या झेंड्याजवळ. नायक, देवीलाल, म्हातारा फकिरा, पन्नासेक माणसं. बायका भिंतीकडे. मी मधात जाऊन उभी राह्यली तर फकिरा म्हणाला, "बाई, बस." मी म्हटलं, "काका, बसून जमणार नाही." तुझं नाव पहिले घेतलं. म्हटलं, फुलचंद राठोडनं एकही दिवस चूक केली नाही, दिवा मी बंद करत होती, त्याच्या घरादाराचं पाप माझ्यावर आहे.

देवीलाल उठला, म्हणाला हिले तांड्याबाहेर काढा, झाडं उपटून फेका. दोघं-तिघं हाव म्हणाले. नायक खाली मान घालून बसला होता. मले वाटलं, झालं. आता सामान मीच भरायचं.

तवा मानीबाई उठली. अंगठ्यामुळं तिले उठायले वेळ लागते. म्हणाली, "साप मले चावला का देवीलालले? मंग शिक्षा मी सांगते." आन म्हणाली, "वर्षभर चौकातला दिवा रुखमा लावंन. रोज. बिमार पडली तरी. अन् ज्यानं फुलचंदची गचांडी धरली होती, त्यानं फुलचंदच्या पाया पडायचं, नायक असो का कोणी असो." सारे नायकाकडे पाहू लागले. अमरसिंग नायक एवढंच म्हणाला, "कागद करा कोणी. फुलचंदले बोलवायच्या कागदावर मी सही करतो."

मंग जाता जाता मानीबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "झाडं माह्या जुन्या गोठ्यामागं नेऊन ठेव. भिंत आहे. तिथं उजेड येत नाही."

वीस पावलं खांब सरकवा म्हणून मी भांडत होती. झाडं पन्नास पावलं सरकवायची, एवढंच काम होतं. गेल्या साली मी रुसून बसली होती, कोणाले विचारलंच नाही.

आज सकाळपासून कुंड्या वाहून राह्यली. अंग दुखते. पण फुलचंद, जेवण गेलं आज. वर्षभरात पहिल्यांदा दुसरी भाकर मागून घेतल्यासारखी खाल्ली.

नायकाचा कागद येईन. यायचं का नाही ते तुझ्यावर.

तुझी,
बाई म्हणायचं का नाही तेही तुझ्यावर


८ डिसेंबर २०२४

फुलचंद,

तुम्ही गेले त्याले चार दिवस झाले. संगीतानं फोनवर पोचल्याचं सांगतलं. तू मागून "बाईले म्हण, झोप आता" असं म्हणाला, ते ऐकू आलं. तरी लिहिते. सवय लागली.

तू आला त्या दिवशी मी तुले एसटीवर घ्यायले आली नाही, कारण तू मले पाहून परत फिरशीन असं वाटलं. कुडाच्या फटीतून पाह्यलं. तू वाळला आहे. तू पहिले मानीबाईकडे गेला, हे बरं केलं. नायक तुझ्या पायाकडे वाकला तवा तू त्याचे हात धरून ठेवले, असं तिनं सांगतलं. म्हणाली, "तुह्या भावापुढं माह्या नवऱ्याले पह्यल्यांदा लाज वाटताना पाह्यलं, लय गोड दिसला." ती आता माझ्याशी बोलते. रोज नाही. पण बोलते.

मंग तू गोठ्यामागं गेला. दोनशे दहा कुंड्या, सगळ्या लाल. एक पान हिरवं नव्हतं शेंड्याले. भगवानरावांची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून तुले तेवढ्या सगळ्या एका जागी पाहायले भेटल्या. तू त्यांच्यामधात उभा राह्यला आन मी भिंतीआड. तुझ्या तोंडावर काय होतं ते मले समजलं नाही. राग होता का, की नुसतं पाहत होता.

साडेपाच झाले. मी खांबाकडे निघाली, माझी ड्यूटी. तू मागून आला. मी डबा उघडला, बटन वर केलं, चौक उजळला. तू खांबाले पाठ टेकून उभा. वर्षभरानं तुझा पहिला शब्द मी ऐकला.

"किती दिवस?"

मले समजलं नाही.

"किती दिवस दिवा बंद केलता तू? मोजले असतीन तू. तू सारं मोजते."

"सतरा," मी म्हटलं.

"खोटं. अठरा. मी पंचायतीच्या वहीत लिहिलं आहे. लोकांनी अठरा डाव तक्रार केली."

"सतरा, भिया. आपल्या मायची, याडीची शपथ. एवढं सांगतलं तर एक दिवस कायले लपवू?"

तू बोटावर मोजायले लागला. दसऱ्याचा दिवस आला तवा थांबला. मंग हळूच म्हणाला, "दसऱ्याले?"

"दसऱ्याले मी तुह्याच घरी जेवायले होती. झाडूले हात लावला नाही."

तू वर वायरीकडे पाह्यलं. मंग खाली. मंग तोंडावर हात ठेवला आन तुझे खांदे हलायले लागले. मले वाटलं रडून राह्यला. मी जवळ आली तर तू हसत होता. म्हणाला, "बाई, नायकाले मी सांगतलं होतं की वरची वायर नवी टाकली. टाकली नव्हती. जुनीच जोडून, चिंधी बांधून दिलती. त्या दिवशी ती सुटली असंन."

मी म्हटलं, "म्हणजे एक दिवस तुहा."

"एक दिवस माहा," तू म्हणाला. "आता आणखी एक बैठक बसवा लागते."

मंग तुले काय झालं, तू एकदम ओरडायले लागला. आपल्या बोलीत. येडी, बेइमान, काय काय. माझ्या वाट्याले जेवढ्या शिव्या वर्षभराच्या साचल्या होत्या त्या साऱ्या. म्हाताऱ्या फकिरानं खिडकी उघडून पाह्यलं आन बंद केली. मी पदर खोचून ऐकत उभी राह्यली. एकेक शिवी कानावर पडे तसा छातीवरचा एकेक दगड उतरे. मनात म्हणत होती, बोल, अजून बोल, थांबू नको. तुझा आवाज बसला तवा मी विचारलं, "भाकर टाकू?" तू म्हणाला, "टाक. तिखट कर."

तीन भाकरी खाल्ल्या तू. मी मोजल्या, मोजतेच मी.

जानेवारीपासून तू पंचायतीत पुन्हा रुजू होणार, असा ठराव परवा लिहिला गेला. सही करताना देवीलालचा पेन चालत नव्हता, माझा दिला. दिवा मात्र वर्ष पुरेपर्यंत मीच लावणार, ते मानीबाईनं कोणाले बदलू दिलं नाही. तू पाणी पाहा, मोटर पाहा.

तुझं घर मी उघडून झाडलं. चुलीजवळ उंदरानं बीळ केलतं, ते लिंपलं. मागचे दोन पत्रे वाऱ्यानं सरकले आहेत, संगीताले सांग, पावसाच्या आधी बसवता येतीन, घाई नाही.

घाई फक्त एका गोष्टीची. ती वायर आल्याबरोबर बदल. नाही तर बैठकीत उभी राहून मीच सांगीन. आता मले सवय झाली आहे.

तुझी बाई,
रुखमा